पाळणाघर नंतर, आधी बसचं टाइमटेबल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. १४० माणसं, त्यात २६ बायका. मी एचआरमध्ये आहे. गेल्या दीड वर्षात बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या तिघी परत आल्याच नाहीत. साहेबांकडे पाळणाघराचा विषय काढला तर म्हणाले, मुलं किती, सहा? सहा मुलांसाठी खोली, बाई, आणि उद्या एखादं पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची? आता मी काय करू? कायदा दाखवू, की विषय सोडून देऊ?"

सोडून देऊ नका. कायदाही दाखवा, पण तो कधी दाखवायचा हे मी पुढे सांगते. वेळ चुकली की त्याच कायद्याने काम बिघडतं.

मी या कामात चोवीस वर्षं आहे. सुरुवात भोसरीतल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून झाली. तेव्हा आमच्या खात्याला एचआर कोणी म्हणत नसे, 'पर्सोनेल' म्हणायचे, आणि दिवसातला निम्मा वेळ कॅन्टीनच्या आमटीच्या तक्रारी ऐकण्यात जायचा. पुढे चाकण, रांजणगाव, मग काही वर्षं हिंजवडी. आता सल्लागार म्हणून लहान-मध्यम कंपन्यांबरोबर काम करते. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे येतं ते पुण्याच्या आसपासचं आहे. मुंबईत, जिथे माणूस लोकलला लटकून दीड तास प्रवास करतो, तिथे यातलं निम्मं लागू होणार नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. तिघी परत आल्या नाहीत, हे दुखणं. पाळणाघर हे औषध. पण मधली तपासणी कुठे आहे? त्या तिघी का आल्या नाहीत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझा अंदाज आहे की त्यांना कोणी विचारलेलंही नाही. राजीनाम्यात सगळ्याच 'कौटुंबिक कारणास्तव' लिहितात. साहेबांचा 'मुलं किती' हा प्रश्न तुम्हाला तुसडा वाटला असेल, पण तो चुकीचा नाही. फक्त त्याचं उत्तर 'सहा' हे नाही.

माझीच फजिती सांगते. साधारण २०१० मध्ये एका मोठ्या कारखान्यात मी हट्टाने पाळणाघर करून घेतलं. खोली तळमजल्यावर, भिंतीवर जिराफ, खाली रबरी चटया, सहा पाळणे, दोन मावशी, छोटा फ्रिज, छोट्या उंचीचं टॉयलेटसुद्धा. उद्घाटनाला डायरेक्टर आले, पेढे वाटले, फोटो हाऊस मॅगझिनमध्ये छापून आला. आठ महिन्यांनी त्या खोलीत पॅकिंगचे खोके रचलेले होते. जिराफाचं फक्त डोकं दिसत होतं.

मुलं आलीच नाहीत असं नाही. पहिल्या महिन्यात चार आली, तिसऱ्या महिन्यात एक. मी आधी बायकांवरच चिडले, 'मागता आणि वापरत नाही'. मग एक दिवस पहाटे पावणेपाचला निगडीच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. फर्स्ट शिफ्टची बस पाच वाजता. डिसेंबर. एक ऑपरेटर बाई दहा महिन्यांचं बाळ शालीत गुंडाळून, खांद्याला दोन पिशव्या, एका हातात स्वतःचा डबा, अशी बसची वाट बघत उभी. बसमध्ये बावन्न माणसं, त्यातली निम्मी झोपलेली, बाळ रडलं की मागून कोणीतरी 'अहो ताई' म्हणणार. कारखान्यात पोचायला पन्नास मिनिटं. तिने दोन आठवडे केलं आणि बाळ गावाला, बार्शीला, आईकडे ठेवून आली. मी जी खोली बांधली होती ती बसमधून उतरल्यावरची होती. तिची अडचण बसमध्ये चढण्याआधीची होती.

त्या दिवसापासून मी कोणत्याही कंपनीत पहिल्यांदा बसचं टाइमटेबल आणि शिफ्टचा तक्ता मागते. पाळणाघराचं नंतर बघू.

मग विचारायचं काय? 'पाळणाघर हवंय का?' असं अजिबात विचारू नका. फुकट काही हवंय का म्हटल्यावर सगळे हात वर करतात, लग्न न झालेली पोरंसुद्धा. मी तीन गोष्टी विचारते. मुलाचं वय काय. तुम्ही कामावर असताना ते कोणत्या वेळी कोणाकडे असतं, सकाळपासून तासातासाने. आणि ते माणूस आजारी पडलं किंवा गावाला गेलं, तर दुसरं कोण. बस. हे फॉर्मवर विचारू नका. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, पाच-पाच मिनिटं बोला. आणि पुरुषांनाही विचारा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही '२६ बायका' असं मोजलंत. लहान मुलं १४० पैकी कोणालाही असू शकतात.

पुरुषांना विचारलं की साहेबांचा 'सहा' हा आकडा कसा फुगतो ते बघा. एका कारखान्यात मी वर्षभराचे हाफ डेचे अर्ज काढून बसले. बायका स्पष्ट लिहितात, 'मुलाला ताप'. पुरुष लिहितात 'घरगुती काम', 'बँकेचे काम'. चहाच्या वेळी विचारलं तर त्यातल्या कितीतरी जणांचं काम बँकेत नव्हतंच. बायको दुसऱ्या कंपनीत, तिची रजा संपलेली, म्हणून हा शाळेत मुलाला आणायला गेलेला. पण 'पोराला आणायला जातो' हे सुपरवायझरपुढे म्हणायची लाज. मालकाला वाटतं की हा बायकांचा प्रश्न आहे. त्याच्या मस्टरवर तो दोघांच्याही नावावर पडलेला असतो.

उत्तरं हातात आली की एक चित्र दिसायला लागतं, आणि ते प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. म्हणून इथे बसून मी तुम्हाला 'हे करा' असं ठाम सांगू शकत नाही. तरी तीन वयं वेगळी ठेवा, कारण त्यांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षं: यांना दिवसभर कोणीतरी हवं. तीन ते सहा: यांना बालवाडी सुटल्यानंतरचं हवं, म्हणजे साडेअकरा-बारापासून पुढे. सहा ते बारा: यांना शाळा सुटल्यानंतरचे तीन-चार तास आणि सगळ्या सुट्ट्या. कंपन्या खोली बांधतात ती पहिल्या वयासाठी. माझ्या अनुभवात माणसं सगळ्यात जास्त वेळा अडकतात ती तिसऱ्या वयापाशी, कारण 'आता मोठा झालाय की' असं म्हणून सगळ्यांनी हात काढून घेतलेले असतात.

आणि एक चौथी गोष्ट, जी कोणत्याच धोरणात नसते. जुलै महिना. रात्री साडेनऊला मोबाईल वाजायला लागतात: रेड अलर्ट, उद्या जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी. कंपनीला सुट्टी नाही. साडेनऊ ते सकाळी पाच या वेळात शंभर घरांत तीच चर्चा: उद्या कोण राहणार? दुसऱ्या दिवशी लाइनवर माणसं कमी, आणि प्रॉडक्शनवाला मला फोन करून विचारणार की तुमची माणसं पावसाला घाबरतात का. पालखीच्या दिवशी तेच. पालखी पिंपरी-चिंचवडमधून जाते त्या दिवशी रस्ते बंद, मार्गावरच्या शाळा बंद, आजी वारीला गेलेली. मे महिना तर आहेच.

तुमच्या जागी मी असते तर सुरुवात इथून केली असती. कारण हे स्वस्त आहे, लगेच दिसतं, आणि साहेबांना नकार द्यायला जड जातं. तुमच्याकडे ट्रेनिंग रूम असेलच. वर्षातले असे आठ-दहा दिवस ती खोली मुलांसाठी उघडायची. शॉपफ्लोअरपासून दूर, दाराला माणूस, आत दोन मावशी, खिचडी कॅन्टीनमधून, पालकाचा मोबाईल नंबर भिंतीवर, मुलाला ने-आण करताना सही. सहा वर्षांच्या वरची मुलं चित्रकलेचा कागद आणि कॅरम यावर दिवस काढतात. एका कंपनीत आम्ही हे एका जुलैत दोनदा केलं. नंतर प्लांट हेडने स्वतःच विचारलं, "ते मुलांचं पुन्हा कधी आहे?" त्याचं गणित साधं होतं: त्या दोन दिवसांत त्याची लाइन थांबली नव्हती. पाळणाघराच्या कायमच्या खोलीला नाही म्हणणारा हाच माणूस होता.

आता पैशाचं बोलू, कारण साहेब शेवटी तिथेच येणार. 'कर्मचारी खूश राहतील' या वाक्याने आजवर कोणत्याही मालकाने खिशात हात घातलेला मी पाहिला नाही. त्याच्याच वहीतला हिशेब मांडा. समजा परत न आलेल्यांपैकी एक ४५,००० पगाराची क्वालिटी इंजिनिअर होती. नवीन माणूस भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटकडून घेतला तर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार: ४५,०००. नवीन माणूस पहिले चार महिने निम्म्याच कामाचा धरला, तर दोन महिन्यांचा पगार वाया: ९०,०००. झाले १,३५,०००. जागा रिकामी होती त्या काळातली ओढाताण, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये खाल्लेली बोलणी, हे धरलेलंच नाही. आता दुसरी बाजू. घराजवळच्या पाळणाघराची पूर्ण दिवसाची फी ९,००० धरा आणि कंपनीने निम्मी भरली असं धरा: महिन्याला ४,५००. तीस महिन्यांचे होतात १,३५,०००. म्हणजे एक इंजिनिअर गमावण्याच्या खर्चात तिच्या मुलाची अडीच वर्षं निघतात. आकडे माझे आहेत, तुमचे घाला. कमी-जास्त होतील, पण दोन्ही बाजू एकाच कागदावर आल्या की बोलणं बदलतं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. ऑपरेटरच्या बाबतीत हे गणित असं सरळ सुटत नाही. कंत्राटदार आठवड्यात दुसरी मुलगी आणून उभी करतो, आणि मालकाला ते माहीत असतं. तिथे मी गैरहजेरी आणि रिजेक्शनचे आकडे मांडते, नवीन हात बसल्यावर पहिल्या महिन्यात किती माल परत आला ते. कधी पटतं, कधी नाही.

बाळंतपणाच्या रजेबद्दल मात्र मालकांच्या डोक्यात एक पक्का गैरसमज असतो, तो आधी काढा. '२६ आठवडे फुकट पगार द्यायचा, वर पाळणाघर?' असं ते म्हणतात. ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे आणि ज्या ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत आहेत, त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआय देतं. त्यासाठी कंपनी दर महिन्याला पगाराच्या ३.२५ टक्के भरतेच आहे, पुरुषांचेसुद्धा. तुमच्या २६ जणींपैकी ईएसआयमध्ये किती आहेत ते मोजा. बऱ्याचदा निम्म्याहून जास्त निघतात, आणि ज्या खर्चाचा साहेब धसका घेऊन बसलेले असतात तो त्यांचा नसतोच.

आता कायदा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली (दोन मुलं आधीच असतील तर १२च), आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, त्यात तिची विश्रांतीची वेळही धरायची, हेही तेव्हाचंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला, पण ५० चा आकडा आणि चार फेऱ्या तशाच आहेत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोजच्या दोन सुट्ट्या, त्याही आहेत. नियम-अधिसूचना आपल्या राज्यात सध्या कुठवर आल्यात ते मात्र तुमच्या लेबर लॉ सल्लागाराकडून ताजं विचारून घ्या.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की ५० हा आकडा एकूण माणसांचा आहे, बायकांचा नाही. जुन्या कारखाना कायद्यात, १९४८ च्या, ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, असं होतं. त्याचा परिणाम काय झाला? मी एका ठिकाणी मस्टर पाहिलं आहे, जिथे वर्षानुवर्षं ३० बायका होत्या. एक निवृत्त झाली की एक घ्यायची, एकतिसावी कधीच नाही. बाकीच्या कंत्राटदाराच्या मस्टरवर. कायदा बायकांसाठी केला आणि त्यानेच बायकांची भरती अडवली. आता १४० माणसांच्या तुमच्या कंपनीला बायका कमी करून यातून सुटता येत नाही. साहेबांच्या मनात तो विचार येईलच, म्हणून हे त्यांच्या कानावर आधीच घालून ठेवा.

संहितेत आणखी एक सोय आहे, जी तुमच्यासारख्या सहा मुलांच्या कंपनीला हवीच आहे: अनेक कंपन्यांनी मिळून एकच पाळणाघर चालवायचं, किंवा सरकारी, नगरपालिकेचं, खासगी, संस्थेचं असलेलं वापरायचं. एमआयडीसीत तुमच्या शेजारच्या प्लॉटवरही अशीच सहा-आठ मुलं असणार. चार कंपन्यांची मिळून पंचवीस मुलं झाली, की तीन प्रशिक्षित बाया, एक मावशी आणि एक स्वयंपाक करणारी परवडते. सहा मुलांत माणसं फार कमी होत नाहीत, आणि ती परवडत नाहीत. हे जमवणं कटकटीचं आहे, खोटं सांगत नाही. खोली कोणाच्या आवारात, भाडं कोण देणार, एका कंपनीची शिफ्ट साडेसहाला आणि दुसरीची सातला. मी तीनदा प्रयत्न केला, एकदाच जमलं. जमलं ते एका मालकाच्या सुनेला स्वतःलाच गरज होती म्हणून.

मग कायदा कधी दाखवायचा? हिशेब दाखवून झाल्यावर, शेवटच्या पानावर, चार ओळींत. सुरुवातीलाच दाखवला तर मालक काय करतो ते मी अनेकदा पाहिलंय. तो कागदावर पूर्तता करतो. जिन्याखाली एक खोली, दारावर पाटी 'शिशुगृह', आत एक पाळणा आणि कुलूप. इन्स्पेक्टर आला की किल्ली शोधायची. पाटी लागली की तुमचा विषय कायमचा संपला, कारण पुढच्या वेळी 'आहे ना आपल्याकडे' हे उत्तर तयार असतं.

साहेबांच्या 'पडलं-झडलं तर' या भीतीला हसू नका. ती खरी आहे. ती भीती कागदावर उतरवा. कोण मुलाला नेऊ शकेल याची यादी आणि फोटो. ताप किती असला तर मूल घ्यायचं नाही. जवळचा डॉक्टर कोण, गाडी कोणती. मावशींची पोलीस पडताळणी. कॅमेरा. विमा. प्रत्येक मुलाच्या लसींच्या कार्डाची प्रत. महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाळणाघरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या आधाराला घ्या. तीन वर्षांखालच्या साधारण दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, हे प्रमाण मी सोडत नाही, आणि एक वर्षाच्या आतली असतील तर मी चार-पाचच म्हणते. तुमचं काम हे, की साहेबांना ज्याची भीती वाटते त्यातलं प्रत्येक कलम कोणाच्या तरी नावावर लिहिलेलं असावं. कोणाच्याच नावावर नसलेली जबाबदारी शेवटी मालकाच्या नावावर येते, आणि हे त्याला आपल्याहून चांगलं कळतं.

मोठी खोली उभी राहीपर्यंत बसून राहायची गरज नाही. बाळंतपणाहून परत आलेल्या बाईचा पहिला प्रश्न पाळणाघर नसतोच, दूध असतो. बाळ चार-साडेचार महिन्यांचं असतं, क्वचित सहा. ती दूध काढणार कुठे? मी चांगल्या चकाचक ऑफिसमध्ये बायकांना टॉयलेटमध्ये उभ्याने दूध काढताना पाहिलंय, नंतर ते दूध बेसिनमध्ये ओततानाही. आतून कडी असलेली एक छोटी खोली, खुर्ची, प्लग, आणि फ्रिजचा एक कप्पा, ज्यावर कोणी ताकाची पिशवी ठेवणार नाही. हे करायला साहेबांची फाइल लागत नाही. उद्या करा.

शिफ्टचंही तसंच. ज्यांचं मूल तीन वर्षांच्या आतलं आहे त्यांना एक शिफ्ट पक्की द्या. दर आठवड्याला फर्स्ट-सेकंड फिरवली की जगातलं कोणतंच पाळणाघर त्यांना उपयोगी पडत नाही, कारण पाळणाघरवाल्या काकू एक आठवडा सकाळी आणि एक आठवडा रात्री उघडत नाहीत. यात एक धोका आहे: बाकीचे कुरकुरतात, 'आम्हीच का सेकंड करायची'. आईबरोबर बापालाही हा हक्क दिला आणि वरून 'मूल तीन वर्षांचं होईपर्यंत' अशी मुदत घातली, की कुरकुर बरीच कमी होते. वडील आजारी आहेत म्हणून ज्याला पक्की शिफ्ट हवी असेल त्यालाही द्या. मग हा 'बायकांचा लाड' राहत नाही.

ऑफिसवाल्यांचं वेगळं आहे. त्यांना घरून कामाची मुभा हवी असते आणि ती आपसात ठरवून देण्याची तरतूद कायद्यातच आहे. पण एवढं लक्षात असू द्या, की घरून काम म्हणजे मूल सांभाळणं नव्हे. दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन कोणी ड्रॉइंग चेक करू शकत नाही. मी करून पाहिलंय. माझ्या मुलाला मी चिंचवडला एका काकूंच्या घरगुती पाळणाघरात ठेवायचे, संध्याकाळी साडेसहाची वेळ. भोसरीहून निघताना एकदा साहेबांनी थांबवलं, मी सव्वासातला पोचले, तर काकू पोराला घेऊन सोसायटीच्या गेटवर उभ्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री मला जो राग आला तो काकूंवर नव्हता, साहेबांवरही नव्हता. साडेपाचची मीटिंग ठेवायची सवय आमच्याकडे होती, आणि ती कोणीच ठरवलेली नव्हती. धोरणाच्या कागदावर काहीही लिहा, पण साडेपाचच्या मीटिंगा बंद करा. त्याला पैसा लागत नाही.

इथे सगळ्यात मोठा माणूस तुमचा डायरेक्टर नाही, सुपरवायझर आहे. गेट पासवर सही तो करतो. तीन मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क लावायचा की नाही हे तो ठरवतो. सवलत कागदावर असते आणि ती मागितल्यावर सुपरवायझर भुवई कशी करतो यावर ती वापरली जाते की नाही हे ठरतं. मी आता नवीन सोय सुरू करण्याआधी लाइनच्या सुपरवायझरांना वेगळं बसवते आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेते. त्यांची अडचण खरी असते: माणूस कमी, टार्गेट तेवढंच. त्या दिवशी जोडीला एक रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, मिळेल एवढं कंपनीने कबूल केलं, तर तेच सुपरवायझर तुमची बाजू घेतात.

आणि तुमच्या १४० मध्ये कंत्राटदाराच्या बायका धरल्या आहेत का? हाऊसकीपिंग, कॅन्टीन, पॅकिंग. बहुधा नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत सुंदर पाळणाघर होतं, इंजिनिअर मुलींची अकरा मुलं. तिथली मावशी सातारा रस्त्याकडून दोन बस बदलून यायची. एकदा सहज विचारलं, तुमचं धाकटं कुठे असतं हो? म्हणाली, मोठीकडे. मोठी किती वर्षांची? दहा. आणि तिची शाळा? मावशीने पाळण्याला झोका दिला आणि म्हणाली, "दुपारची होती, आता नाही जात." ती कंत्राटदाराच्या मस्टरवर होती, म्हणून तिचं मूल आमच्या यादीत बसत नव्हतं. ते बसवायला मला सात महिने आणि दोन कायदेशीर मतं लागली. तुमचं पाळणाघर होईल तेव्हा पहिल्याच दिवशी नियमात 'आवारात काम करणाऱ्या सर्वांची मुलं' असं लिहून घ्या. नंतर बदलायला गेलात की प्रत्येक कंत्राटदार बिलात त्याचे पैसे लावतो.

साहेबांकडे परत कसं जायचं, तर असं. आधी त्या तिघींना फोन करा. राजीनाम्याची फाइल बंद झाली आहे, आता त्या खरं सांगतील. मग तीन प्रश्न घेऊन बस आणि कॅन्टीन. मग एक पान: कोणत्या वेळी किती माणसं अडकतात, त्यात पुरुष किती, गेल्या जुलैत त्या दिवसांत लाइनचं काय झालं, एक माणूस नोकरी सोडून गेल्याचा हिशेब. मागणी एकच आणि छोटी: येत्या पावसाळ्यात ट्रेनिंग रूम, सहा महिन्यांसाठी, नंतर आकडे बघू. कायमच्या पाळणाघराची, घराजवळच्या पाळणाघराशी करार करायची, शेजारच्या कंपन्यांना गाठायची बोलणी त्या आकड्यांवर. घराजवळची फी भरणं ऑपरेटर बायकांना सगळ्यात सोयीचं पडतं, पण त्याने कायद्यातली पाळणाघराची अट पूर्ण झाली असं धरून चालू नका, चार फेऱ्या निगडीला जाऊन होत नाहीत. त्याबद्दल सल्लागाराचं लेखी मत घ्या.

जमलं तर त्या सहा मुलांची वयं, आई-बाप राहतात ते भाग आणि तुमच्या बसचं पूर्ण टाइमटेबल इथेच टाका, नावं न घालता. भोसरी-मोशीकडे बहुतेक जण राहत असतील तर माझ्याकडे एक कल्पना आहे, पण ती टाइमटेबल बघितल्याशिवाय सांगणार नाही.